इंग्लिश हेरिटेजचा परदेशी पाहुण्यांसाठीचा पास: सोलापूरकरांना परवडतो का?

मुलगा किंवा मुलगी लेस्टरला, बर्मिंगहॅमला शिकायला असते आणि आई-बाबा एप्रिल-मेच्या सुट्टीत दोन-तीन आठवडे तिकडं जातात, असा बेत आता सोलापुरातल्या बऱ्याच घरांत होतो. मग ट्रॅव्हल एजंट किंवा कुणीतरी नातेवाईक सांगतो, ‘इंग्लिश हेरिटेजचा पास घ्या, सगळे किल्ले-राजवाडे फुकट.’ हे अर्धंच खरं आहे. गाडी भाड्यानं घेणार असाल किंवा लंडनबाहेर एखाद्या भागात चार-पाच दिवस मुक्काम करणार असाल तर पास जरूर घ्या. लंडनच्या हॉटेलातून रोज सकाळी निघून रात्री परत येणार असाल तर तिकिटात वाचलेले पैसे रेल्वेभाड्यात जातील, आणि वर थोडे जास्तच.

आधी पासची ओळख. इंग्लिश हेरिटेज ही धर्मादाय संस्था इंग्लंडमधली ४०० हून अधिक ऐतिहासिक स्थळं सांभाळते. त्यांतली बरीचशी उघडी, विनातिकीट आहेत: माळरानावरचे दगड, पडक्या भिंती, एखादा जुना पूल. तिकीट लागतं अशी शंभरावर ठिकाणं या पासवर बघता येतात. पास ९ दिवसांचा किंवा १६ दिवसांचा असतो. एका प्रौढासाठी, दोन प्रौढांसाठी आणि कुटुंबासाठी असे प्रकार आहेत. तो फक्त ब्रिटनबाहेर राहणाऱ्यांना मिळतो, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावा. तिकडं शिकणाऱ्या मुलांना तो चालत नाही. त्यांच्यासाठी वार्षिक सदस्यत्व आहे, तरुणांना आणि विद्यार्थ्यांना त्यात सवलतही मिळते. एका प्रौढ सदस्याबरोबर सहापर्यंत मुलं फुकट जातात. तिकडं नोकरीला असलेल्या, लहान मुलं असलेल्या घरांना पासपेक्षा हाच सौदा फायद्याचा.

आता पासवर काय चालत नाही ते नीट वाचा, कारण निम्म्या तक्रारी इथूनच निघतात. टॉवर ऑफ लंडन आणि हॅम्प्टन कोर्ट हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेसकडे आहेत. विंडसर आणि बकिंगहॅम रॉयल कलेक्शन ट्रस्टकडे आहेत. वेस्टमिन्स्टर ॲबे, सेंट पॉल्स आणि सॉल्झबरीचं कॅथीड्रल चर्चच्या ताब्यात आहेत. बाथचे रोमन हौद तिथल्या नगर परिषदेचे आहेत. यॉर्कशायरमधला रीव्हो मठ पासवर आहे, पण त्याच भागातला फाउंटन्स मठ नॅशनल ट्रस्ट या वेगळ्या संस्थेचा. लिंडिसफार्न बेटावरचा मठ पासवर, त्याच बेटावरचा किल्ला नॅशनल ट्रस्टचा. वेल्सच्या किल्ल्यांसाठी काडू आणि स्कॉटलंडसाठी हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंड या संस्थांचे पास वेगळे असतात. इंग्लिश हेरिटेजच्या वार्षिक सदस्यांना या दोन्हीकडे पहिल्या वर्षी निम्म्या दरात आणि नंतर फुकट प्रवेश असतो. पासधारकांनी मात्र हे गृहीत धरू नये. लंडन दाखवा म्हणणाऱ्या माणसाच्या यादीतलं जवळपास काहीच या पासवर नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

हिशोब असा करा. बघायची ठिकाणं कागदावर लिहा आणि संस्थेच्या संकेतस्थळावर त्याच तारखेचं तिकीट बघा. दर हंगामाप्रमाणे आणि वाराप्रमाणे बदलतात. स्टोनहेंज, म्हणजे उभ्या दगडांचं प्राचीन वर्तुळ, आणि डोव्हरचा किल्ला ही महागातली ठिकाणं आहेत. एका प्रौढामागे साधारण २० ते ३० पौंड धरा. लहान मठ आणि किल्ले त्याच्या निम्म्यात किंवा त्याहून कमी. दोन मोठी आणि एक-दोन मध्यम ठिकाणं झाली की ९ दिवसांचा पास बहुतेक वसूल होतो. पण ६५ वर्षांवरच्यांना आणि विद्यार्थ्यांना सुट्या तिकिटावर सवलत असते. आजी-आजोबा बरोबर असतील तर पासची किंमत त्या सवलतीच्या तिकिटाशी ताडून बघा. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नसतं.

इथं एक खोच आहे. तिकिटाचे दोन दर दाखवतात: एक देणगीसह, एक देणगीशिवाय. देणगीसहचा दर ‘गिफ्ट एड’ योजनेसाठी असतो. त्यात ब्रिटनमध्ये प्राप्तिकर भरणाऱ्याच्या देणगीवर संस्थेला सरकारकडून जादा रक्कम मिळते. भारतात कर भरणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध नाही. काउंटरवरचं माणूस गोड हसून विचारतं, आणि आपण ‘येस’ म्हणून मोकळे होतो. देणगी द्यायची असेल तर खुशाल द्या, पण गिफ्ट एडच्या कागदावर सही करू नका.

दुसरी मोठी चूक म्हणजे पास सुरू करण्याचा दिवस. ९ दिवस म्हणजे सलग ९ दिवस, सुटे मोजत नाहीत. लोक लंडनला उतरतात, दुसऱ्या दिवशी हाइड पार्कजवळच्या वेलिंग्टन आर्चवर पास वापरतात, पुढचे तीन दिवस टॉवर, बकिंगहॅम आणि खरेदीत घालवतात. पासचा तिसरा हिस्सा असाच वाया जातो. आधी लंडन उरकून घ्या आणि गावाबाहेर पडाल त्या दिवशी पास सुरू करा.

स्टोनहेंजसाठी पास असला तरी वेळेचं आरक्षण करून ठेवा. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या दोन तास आधी असतो, म्हणून दुपारी उशिरा पोचण्याचा बेत नको. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून सॉल्झबरी दीड तासाच्या आसपास, तिथून स्टेशनसमोरून सुटणारी स्टोनहेंजची टूर बस. तिचं भाडं पासमध्ये नाही. बस अभ्यागत केंद्रापाशी सोडते. दगड तिथून सुमारे अडीच किलोमीटरवर आहेत, तिथवर फुकट शटल आहे. चालत गेलात तर वाटेत गवतात दडलेली, प्राचीन दफनांवरची मातीची टेकाडं दिसतात, ती शटलमधून निसटतात. रस्ता सपाट असल्यानं गुडघेदुखीवाल्यांनाही हे ठिकाण जमतं. दगडांच्या वर्तुळाच्या आत जाता येत नाही, दोरीबाहेरूनच बघायचं. आत जायचं तर बंद वेळेतली वेगळी, महाग फेरी घ्यावी लागते. त्याच बसच्या मार्गावर ओल्ड सारम लागतं, तेही पासवर आहे. मातीचे प्रचंड बांध, आत नॉर्मन किल्ल्याचे आणि पहिल्या कॅथीड्रलचे अवशेष. स्टोनहेंज बघून नाक मुरडणारे लोकही ओल्ड सारमला खूश होतात.

पास खऱ्या अर्थानं फळतो तो इंग्लंडच्या आग्नेय टोकाच्या केंट परगण्यात. लंडनच्या सेंट पँक्रसहून डोव्हर प्रायरी स्टेशन जलदगती गाडीनं साधारण तासाभराच्या वाटेवर आहे. स्टेशनपासून किल्ल्यापर्यंत मात्र चांगलाच चढ आहे, वय झालेल्यांनी टॅक्सी करावी. डोव्हरला अख्खा दिवस द्या आणि क्रम उलटा ठेवा. दार उघडताच आधी दुसऱ्या महायुद्धातले बोगदे बघा, किल्ल्याचा मधला मोठा मनोरा नंतर. बोगद्यात गटागटानं सोडतात आणि दुपारपर्यंत रांग वाढत जाते. २६ मे ते ४ जून १९४० या काळात फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून ३ लाख ३८ हजार सैनिक परत आणण्याची मोहीम व्हाइस ॲडमिरल रॅमझे यांनी याच बोगद्यांतून चालवली. मनोरा दुसऱ्या हेन्रीनं ११८० च्या दशकात बांधला. जिने गोल आणि अरुंद आहेत, उतरताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो.

डोव्हर नीट कळायचं असेल तर निघण्याआधी एक सकाळ आपल्या भुईकोटात घालवा. बाहेरचा तट आणि आतला तट यांच्यामधली मोकळी जागा, खंदक, सिद्धेश्वर तलावाची बाजू, बुरुजांतलं अंतर हे सगळं पायी फिरून बघा. डोव्हरलाही एकात एक तटाची हीच कल्पना आहे. फक्त तिथं तलावाऐवजी टेकडीचा उतार आणि चुनखडीचे कडे राखण करतात. १२१६ च्या वेढ्यात फ्रान्सच्या राजपुत्र लुईच्या माणसांनी उत्तरेकडच्या दरवाज्याखाली सुरुंग खणून त्याचा एक बुरूज पाडला. पुढं तो दरवाजाच बुजवून टाकला आणि पश्चिमेला कॉन्स्टेबल्स गेट हा नवा दरवाजा बांधला. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेनं सोलापूरचा किल्ला घेतला तो तोफांच्या जोरावर. शत्रू भिंतीखालून येणार की तोफेनं भिंत फोडणार, यावर किल्ल्याचा आकार कसा ठरतो हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे किल्ले आपोआप वाचता येतात. डोव्हरहून उत्तरेला डील आणि वॉमर हे आठव्या हेन्रीचे १५३९-४० चे किल्ले आहेत, दोन्ही पासवर. त्यांचे बुरूज बुटके, जाड आणि गोलाकार, कारण ते तोफेच्या जमान्यातले आहेत. एका दिवसात दोन्ही होतात.

वॉमरला आणखी एका कारणासाठी जावं. ड्यूक ऑफ वेलिंग्टन १४ सप्टेंबर १८५२ रोजी इथंच वारला आणि त्याची खोली अजून जपून ठेवली आहे. हाच तो आर्थर वेलस्ली, ज्यानं २३ सप्टेंबर १८०३ ला जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. त्याचं लंडनमधलं घर ॲप्सली हाउस हेही पासवर आहे. ते त्यानं ज्याच्याकडून घेतलं तो थोरला भाऊ रिचर्ड १७९८ ते १८०५ हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता. भिंतीवरच्या चित्रांपुढं गर्दी असते. मराठी माणसानं मात्र तिथला दख्खनचा डिनर सेट शोधावा, चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला. दख्खनच्या मोहिमेतल्या अधिकाऱ्यांनी तो वेलस्लीला भेट दिला होता. घर आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, वार बघून जा. नेपोलियनचा मोठा नग्न पुतळा जिन्याच्या पायथ्याशीच आहे. लहान मुलांचे प्रश्न तयार ठेवा.

आइल ऑफ वाइट या बेटावरचं ऑस्बोर्न हाउस हा पासमधला सगळ्यात मोठा ऐवज आहे, आणि तिथं पोचणं सगळ्यात खर्चिक. राणी व्हिक्टोरिया २२ जानेवारी १९०१ ला इथंच वारली. लाहोरच्या भाई राम सिंग यांनी लॉकवुड किपलिंग यांच्याबरोबर आखलेला दरबार हॉल, तिथल्या भिंती आणि छतावरचं नक्षीकाम, संस्थानिकांनी पाठवलेली मानपत्रं आणि शेजारच्या मार्गिकेत रुडॉल्फ स्वोबोडानं रंगवलेली भारतीय कारागिरांची चित्रं बघायला दीड तास सहज लागतो. पण साउथॅम्प्टनहून बोट धरताना घोळ होतो. जलद प्रवासी बोट वेस्ट काउजला उतरवते आणि ऑस्बोर्न ईस्ट काउजच्या बाजूला आहे. मग मधली मेडिना नदी तरत्या पुलानं ओलांडावी लागते. पायी प्रवाशांनीही गाड्या वाहणारी ईस्ट काउजची मोठी बोटच घ्यावी. वेळ जास्त जातो, पण पुढं पायपीट वाचते. हिवाळ्यात ऑस्बोर्नला जाण्याचा बेत वेळापत्रक बघितल्याशिवाय आखू नका.

उत्तरेत हेड्रियनची भिंत. इ. स. १२२ मध्ये काम सुरू झालेली ही रोमन सीमा सुमारे ११७ किलोमीटर लांब आहे. हाउसस्टेड्स, चेस्टर्स, कॉर्ब्रिज आणि बर्डोस्वाल्ड ही चारही ठिकाणं पासवर आहेत. पण त्याच रस्त्यावरचं विंडोलांडा, म्हणजे लाकडी पत्रांसाठी जगप्रसिद्ध असलेलं ठाणं, वेगळ्या ट्रस्टचं आहे. त्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं, आणि ते टाळू नये. मुक्काम हेक्सम किंवा हॉल्टव्हिसलला करा. दोन्ही गावं न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेवर आहेत आणि हंगामात भिंतीच्या कडेनं ‘एडी १२२’ क्रमांकाची बस धावते. हा क्रमांक म्हणजे बांधकामाचं साल, कुणाला तरी छान सुचलंय. हाउसस्टेड्सची पार्किंग राष्ट्रीय उद्यानाच्या अखत्यारीत आहे, तिथं पास दाखवून उपयोग नाही. पार्किंगपासून ठाण्यापर्यंत चढण आहे आणि वर वारा असा की छत्री उलटी होते. रेनकोटच न्या. तिथलं रोमन सैनिकांचं सामुदायिक शौचालय, त्याचा पाण्याचा पाट आणि ढाळ बघून इंजिनिअर मंडळी रमतात. लिंडिसफार्नला जायचं असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा. मुख्य भूमीशी जोडणारा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो आणि ‘अजून थोडा वेळ आहे’ म्हणून घुसलेल्या गाड्या तिथं अडकतात.

आपल्या सुट्ट्यांचं गणितही बघायला हवं. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंतची शाळेची सुट्टी या पाससाठी उत्तम आहे. बहुतेक ठिकाणं रोज उघडी असतात, उजेड उशिरापर्यंत असतो आणि इंग्लंडमधल्या शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या उत्तरार्धात सुरू होते. फक्त मे अखेरचा त्यांच्या सुट्टीचा आठवडा गर्दीचा. दिवाळीत जाणाऱ्यांनी पास टाळावा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळ मागं जातं, दुपारी साडेचारनंतर उजेड झपाट्यानं ओसरतो आणि नोव्हेंबरपासून बरीच ठिकाणं फक्त शनिवार-रविवारी उघडतात. त्या दिवसांत लंडनमधली फुकट संग्रहालयं करावीत: ब्रिटिश म्युझियममधली अमरावतीची शिल्पं, व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधला टिपूचा वाघ.

दोघांनी बरोबर प्रवास करायचा असेल तर रेल्वेचं ‘टू टुगेदर’ कार्ड काढा. तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही आणि दोघंही गाडीत हजर लागतात. रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस येते. डोव्हरसारखा लांबचा बेत रविवारी नकोच.

पासबरोबर अभ्यासाचा भाग जोडला तर पैसे दुप्पट वसूल होतात, आणि त्याला खर्च जवळपास नाही. इंग्लिश हेरिटेजच्या संकेतस्थळावर महत्त्वाच्या ठिकाणांचा इतिहास, वर्णन आणि कोणत्या भिंती कोणत्या काळातल्या हे रंगांत दाखवणारे नकाशे फुकट मिळतात. नकाशा छापून बरोबर न्या, मोबाईलच्या पडद्यावर रंग कळत नाहीत. हिस्टॉरिक इंग्लंड या वेगळ्या, सरकारी संस्थेची संरक्षित वास्तूंची राष्ट्रीय यादीही फुकट आहे. नकाशावर गावाचं नाव टाकलं की मुक्कामाच्या आसपासच्या वास्तू दिसतात. त्यात पहिली श्रेणी, तारांकित दुसरी श्रेणी आणि दुसरी श्रेणी अशी वर्गवारी आहे. पहिल्या श्रेणीत जेमतेम अडीच टक्के वास्तू आहेत, तेव्हा गावात असली एखादी वास्तू असेल तर तासभर वाट वाकडी करायला हरकत नाही. प्रत्यक्ष ठिकाणी मिळणारी लाल पाठीची मार्गदर्शक पुस्तिका घ्या, तिच्यात मजलेवार नकाशे असतात. घरून शिकायचं असेल तर फ्यूचरलर्न या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर न्यूकॅसल विद्यापीठाचा हेड्रियनच्या भिंतीवरचा अभ्यासक्रम उपलब्ध असेल तेव्हा करावा. फुकट वाचनाला मुदत असते, म्हणून जाण्याच्या आधीच्या दोन महिन्यांत सुरू करा. कॉलेजच्या मुलांना लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची, म्हणजे लंडनहून हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या जुन्या खात्याची, दफ्तरं बघायची असतील तर वाचक पास फुकट मिळतो. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो, आणि कोणत्या फाइली हव्यात ते आधी ठरवून जावं लागतं.

व्हिसासाठी बोटांचे ठसे पुण्यात देता येतात. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं गेलात तर भेटीची वेळ दुपारी बाराच्या पुढची घ्या, गाडी उशिरा पोचली की आधीची वेळ हुकते. पर्यटक व्हिसावर मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंतचा छोटा अभ्यासक्रमही करता येतो, त्यासाठी वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. पास मात्र व्हिसा हातात आल्यावरच विकत घ्या.

खाण्याचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी आवारात डबा खाऊ देतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी यासाठीच बनली असावी, दोन्ही आठवडाभर टिकतात. पण पेढे, खवा, तूप, मांसाचं काही सामानात भरू नका, भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ तिकडं नेऊ देत नाहीत. तिथल्या कॅफेत एक स्कोन, म्हणजे छोटा गोल पाव, आणि चहा एवढ्याच्या बिलात सोलापुरात चौघांचं जेवण होईल. तरी पावसाळी दुपारी किल्ल्याच्या भिंतीआड बसून तो एकदा घ्यावा, साय आणि जॅम दोन्ही लावून.